चॅट सर्व्हर गर्दीत का गुदमरतो? ‘वर्कर प्रोसेस’ म्हणजे काय आणि त्या कशा लावतात?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस ‘अरट्टई’ या भारतीय मेसेजिंग ॲपवर अचानक झुंबड उडाली. एरवी दिवसाला सुमारे ३ हजार नवे लोक नोंदणी करत होते. तीन दिवसांत हा आकडा रोज साडेतीन लाखांवर गेला, असं झोहो कंपनीचे सहसंस्थापक श्रीधर वेम्बू यांनी ‘एक्स’वर सांगितलं. गर्दी आणखी शंभरपट वाढू शकते, हे गृहीत धरून तातडीने यंत्रणा वाढवत असल्याचंही त्यांनी कळवलं.

त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये असंच घडलं होतं. व्हॉट्सॲपच्या नव्या प्रायव्हसी पॉलिसीवरून वाद पेटला, भारतासह जगभरातले लोक ‘सिग्नल’कडे वळले आणि १५ जानेवारीला सिग्नलची सेवाच कोलमडली.

अशा वेळी सोशल मीडियावर एक सल्ला हमखास दिसतो: ‘अरे, सर्व्हर वाढवा ना!’ पण सर्व्हर वाढवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? जास्त ताकदीचं मशीन घेतलं की काम भागतं का? बहुतेक वेळा नाही. मशीनमधले १६ पैकी १५ कोअर निवांत बसलेले असतात, तरीही मेसेज पोहोचायला मिनिटं लागतात, असं होऊ शकतं. असं का होतं आणि त्यावर ‘वर्कर प्रोसेस’ हा उपाय कसा काम करतो, ते समजून घेऊ.

एक ‘हॅलो’ पाठवला की सर्व्हरवर काय घडतं?

समजा, ५०० जणांच्या ग्रुपवर तुम्ही ‘हॅलो’ टाकलात. तुमच्यासाठी तो एक मेसेज. सर्व्हरसाठी मात्र ही कामांची यादी असते.

तुम्ही खरंच त्या ग्रुपमध्ये आहात का आणि तुम्हाला लिहायची परवानगी आहे का, हे आधी तपासलं जातं. मग मेसेज डेटाबेसमध्ये लिहिला जातो आणि त्याचा क्रम ठरतो. ज्यांचं ॲप उघडं आहे त्यांच्यापर्यंत तो लगेच जातो. ज्यांचा फोन खिशात आहे त्यांच्यासाठी नोटिफिकेशन तयार होतं. सोबत फोटो असेल तर त्याची छोटी प्रत बनवावी लागते. शिवाय ‘टाइप करत आहे’, ‘ऑनलाइन’, ‘वाचलं’ या खुणा सतत येत-जात असतात, त्या वेगळ्याच.

म्हणजे एक मेसेज लिहिला जातो एकदाच, पण वाटला जातो शेकडो वेळा. चॅट सर्व्हरवरचा मोठा भार या वाटपाचा असतो.

उदाहरण म्हणून ‘सिनॅप्स’च का?

व्हॉट्सॲप किंवा अरट्टईच्या सर्व्हरवर आत काय चालतं, ते बाहेरच्यांना पाहता येत नाही. ‘सिनॅप्स’ हे चॅट सर्व्हर सॉफ्टवेअर मात्र ओपन सोर्स आहे. त्याचा कोड आणि सेटिंगची कागदपत्रं कुणीही वाचू शकतं.

सिनॅप्स ‘मॅट्रिक्स’ या खुल्या मानकावर चालतं. मॅट्रिक्स २०१४ मध्ये सुरू झालं. ईमेलमध्ये जसं एका कंपनीच्या पत्त्यावरून दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर मेल जातो, तसंच मॅट्रिक्समध्ये वेगवेगळ्या संस्थांचे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. याला ‘फेडरेशन’ म्हणतात. फ्रान्स सरकारने २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आणलेलं ‘चाप’ हे ॲप आणि जर्मन लष्कराचं ‘बीडब्ल्यू मेसेंजर’ ही दोन्ही मॅट्रिक्सवर आधारलेली आहेत.

भारतीय वाचकांसाठी एक नोंद: मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ मेसेजिंग ॲप्सवर बंदी घातली. मॅट्रिक्सवर चालणारं ‘एलिमेंट’ हे ॲप त्या यादीत होतं. मॅट्रिक्स हे मानक आहे, सिनॅप्स हे सर्व्हर सॉफ्टवेअर आहे आणि एलिमेंट हे फोनवरचं ॲप आहे. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठं मशीन घेऊनही फरक का पडत नाही?

सिनॅप्सचा बराचसा कोड पायथन भाषेत आहे. नेहमीच्या पायथनमध्ये ‘ग्लोबल इंटरप्रिटर लॉक’ नावाचं एक कुलूप असतं. त्यामुळे एका प्रोसेसमधला पायथन कोड एका वेळी एकाच कोअरवर चालतो. सिनॅप्स नव्याने बसवलं की ते एकाच प्रोसेसमध्ये सगळी कामं करतं. म्हणजे मशीनमध्ये १६ कोअर असोत की ३२, मुख्य काम साधारण एकाच कोअरवर होतं.

लग्नाच्या पंगतीत मांडव मोठा केला, पानं दुप्पट मांडली, पण वाढपी एकच ठेवला, तर काय होईल? भात वाढणाराही तोच, वरण वाढणाराही तोच आणि दारात पाहुण्यांचं स्वागत करणाराही तोच. शेवटच्या पानापर्यंत भात पोहोचेपर्यंत पहिलं पान उठलेलं असेल. इथे मांडव कितीही वाढवला तरी उपयोग नाही, वाढपी वाढवावे लागतात.

वर्कर प्रोसेस म्हणजे काय?

त्याच सॉफ्टवेअरच्या अनेक प्रती एकाच वेळी चालवायच्या आणि प्रत्येकीला ठरावीक काम द्यायचं. अशी प्रत्येक प्रत म्हणजे एक वर्कर. प्रत्येक वर्कर स्वतंत्र प्रोसेस असल्यामुळे ती वेगळा कोअर वापरू शकते. गरज पडली तर काही वर्कर दुसऱ्या मशीनवरही ठेवता येतात.

सिनॅप्समध्ये काम साधारण असं वाटतात:

- काही वर्कर फक्त ‘सिंक’ सांभाळतात. तुमचं ॲप सर्व्हरला सतत विचारत असतं, ‘नवीन काही आहे का?’ ते विचारणं म्हणजे सिंक.
- काही वर्कर बाहेरच्या सर्व्हरकडून येणारे मेसेज घेतात, तर काही बाहेर जाणारे पाठवतात.
- एखादा वर्कर नोटिफिकेशन पाठवतो.
- एखादा फोटो, व्हिडिओ आणि फाइल बघतो.
- ‘इव्हेंट पर्सिस्टर’ नावाचे वर्कर मेसेज डेटाबेसमध्ये लिहितात.
- जुना डेटा साफ करण्यासारखी पडद्यामागची कामं आणखी एका वर्करकडे देता येतात.

हे सगळे मिळून एकच डेटाबेस वापरतात. म्हणून वर्कर लावायचे तर ‘पोस्टग्रेस’ डेटाबेस लागतोच. सिनॅप्स सुरुवातीला ज्यावर चालू शकतं तो छोटा ‘एसक्यूलाइट’ डेटाबेस इथे चालत नाही.

वर्कर कसे लावतात?

प्रत्यक्ष कोड लिहावा लागत नाही, सेटिंगच्या फायली लिहाव्या लागतात. पायऱ्या अशा:

१. मुख्य सेटिंग फाइलमध्ये ‘रेडिस’ चालू करायचं. एका प्रोसेसने काही नवीन केलं की बाकीच्यांना त्याची खबर रेडिसमार्फत मिळते. गावात दवंडी पिटतात तसं.

२. मुख्य प्रोसेसला एक अंतर्गत पोर्ट द्यायचा. सिनॅप्सच्या कागदपत्रांतल्या उदाहरणात तो ९०९३ आहे. वर्कर या वाटेने मुख्य प्रोसेसशी थेट बोलतात. हा पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडा ठेवायचा नाही आणि सोबत एक गुप्त पासफ्रेज ठेवायचा.

३. ‘इन्स्टन्स मॅप’ लिहायचा. म्हणजे कोणती प्रोसेस कोणत्या पत्त्यावर सापडेल याची यादी.

४. प्रत्येक वर्करसाठी एक छोटी फाइल बनवायची. त्यात वर्करचा प्रकार, त्याचं नाव आणि तो कोणत्या पोर्टवर ऐकेल हे लिहायचं. दोन वर्करचं नाव एकच असून चालत नाही.

५. पुढे ‘एनजिनएक्स’सारखा रिव्हर्स प्रॉक्सी लावायचा. बाहेरून येणारी प्रत्येक रिक्वेस्ट आधी त्याच्याकडे येते आणि कोणत्या वर्करकडे पाठवायची हे तो ठरवतो.

पाचवी पायरी राहिली तर आधीच्या चार पायऱ्यांचा फारसा फायदा दिसत नाही. वर्कर चालू दिसतात, पण सगळ्या रिक्वेस्ट पूर्वीसारख्या मुख्य प्रोसेसकडेच जात राहतात. वाढपी उभे आहेत आणि पाहुणे अजून त्या एकालाच हाका मारत आहेत, अशी अवस्था होते.

कोणती रिक्वेस्ट कोणाकडे पाठवायची?

सोपा मार्ग म्हणजे पाळीपाळीने वाटणं. पहिली रिक्वेस्ट पहिल्या वर्करला, दुसरी दुसऱ्याला. साध्या वेबसाइटसाठी हे ठीक आहे. चॅटमध्ये मात्र ते महागात पडतं.

कारण आहे ‘कॅशे’. डेटाबेसला पुन्हा पुन्हा विचारायला लागू नये म्हणून प्रत्येक वर्कर अलीकडे लागलेली माहिती स्वतःच्या मेमरीत ठेवतो. तुमची सिंक रिक्वेस्ट दर वेळी वेगळ्या वर्करकडे गेली, तर प्रत्येकाला तुमचे ग्रुप आणि तुमची सेटिंग नव्याने शोधावी लागतात. म्हणून एका व्यक्तीच्या सिंक रिक्वेस्ट शक्यतो एकाच वर्करकडे जातील अशी सोय करतात. बाहेरच्या सर्व्हरकडून येणाऱ्या रिक्वेस्टही पाठवणाऱ्याच्या आयपी पत्त्यानुसार वाटतात, म्हणजे एका सर्व्हरची बोलणी एकाच वर्करशी होतात.

आणखी एक फरक लक्षात ठेवावा लागतो. नवीन फोनवर लॉगिन केल्यावर होणारा पहिला सिंक फार जड असतो, कारण तुमच्या सगळ्या ग्रुपची माहिती एकदम तयार करावी लागते. त्यानंतरचे सिंक हलके असतात. हे दोन्ही एकाच वर्करकडे ठेवले, तर एका नव्या लॉगिनपायी बाकीचे ताटकळतात. म्हणून मोठ्या सर्व्हरवर पहिल्या सिंकसाठी वेगळे वर्कर ठेवतात.

मेसेजचा क्रम का महत्त्वाचा?

एक ग्रुप घ्या. पहिला मेसेज: ‘उद्या शाळेला सुट्टी.’ दुसरा मेसेज: ‘चुकीची माहिती, शाळा आहे.’ हेच दोन मेसेज उलट क्रमाने पोहोचले तर अर्थ उलटतो आणि वर्ग रिकामा राहतो. ‘ॲडमिनने अमुकला ग्रुपमधून काढलं’ ही नोंद उशिरा लागू झाली, तर काढलेल्या माणसाला पुढचे मेसेज दिसू शकतात.

म्हणजे वाचण्याचं काम कितीही वर्करमध्ये वाटता येतं, पण लिहिण्याचं काम वाटताना जपावं लागतं. सिनॅप्समध्ये बराच काळ मेसेज लिहिण्याचं काम एकाच प्रोसेसकडे होतं आणि गर्दीत तीच अडत असे. हे कामही अनेक प्रोसेसमध्ये वाटता येतं, असं मॅट्रिक्सच्या टीमने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केलं.

त्याची युक्ती सरळ आहे. काम वाटायचं ते ग्रुपनुसार. मॅट्रिक्समध्ये ग्रुपला ‘रूम’ म्हणतात. रूमच्या ओळख क्रमांकावरून ठरतं की तिचे मेसेज कोणता पर्सिस्टर लिहिणार. एका रूमचे सगळे मेसेज एकाच पर्सिस्टरकडे जातात, म्हणून त्यांचा क्रम सांभाळला जातो. वेगवेगळ्या रूम मात्र वेगवेगळ्या पर्सिस्टरकडे असल्याने कामं समांतर चालतात. मेसेज लिहून झाला की रेडिसवर खबर जाते, सिंक वर्कर जागे होतात आणि वाट बघणाऱ्या ॲप्सना तो मेसेज देतात.

याला मर्यादाही आहे. एकच रूम अवाढव्य झाली, तर ती दोन पर्सिस्टरमध्ये तोडता येत नाही.

मग जितके जास्त वर्कर तितकं चांगलं का?

नाही. प्रत्येक वर्करची किंमत मोजावी लागते.

पहिली किंमत मेमरीची. प्रत्येक वर्करचा कॅशे वेगळा, त्यामुळे तीच माहिती अनेक ठिकाणी साठते. रॅम आधीच कमी असेल तर वर्कर वाढवल्यावर सर्व्हर आणखी मंदावतो.

दुसरी किंमत डेटाबेस कनेक्शनची. हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सिनॅप्सच्या नमुना सेटिंगमध्ये एका प्रोसेसला जास्तीत जास्त १० कनेक्शन घेता येतात. पोस्टग्रेस साधारणपणे एकूण १०० कनेक्शन देतं, आणि त्यातली ३ व्यवस्थापकासाठी राखीव असतात. आता १० वर्कर आणि १ मुख्य प्रोसेस मिळून ११ झाल्या. गर्दीच्या वेळी त्या ११० कनेक्शन मागू शकतात, पण मिळणार ९७. एरवी सगळं सुरळीत चालतं आणि ज्या दिवशी गर्दी होते त्याच दिवशी डेटाबेस दार बंद करतो.

तिसरी किंमत समन्वयाची. बाहेर मेसेज पाठवणारे वर्कर एकावरून दोन करायचे असतील, तर ते सगळे एकदम बंद करून नव्या सेटिंगसह पुन्हा सुरू करावे लागतात. एक जुन्या यादीवर आणि दुसरा नव्या यादीवर चालू राहिला, तर काही मेसेज कुणाच्याच वाट्याला येत नाहीत आणि गळून पडतात. सिनॅप्सची कागदपत्रं याचा स्पष्ट इशारा देतात.

म्हणून वर्कर वाढवण्याआधी कुठे अडलं आहे ते बघायचं. सिनॅप्स आपली आकडेवारी ‘प्रोमिथियस’ या साधनाला देतं आणि ‘ग्राफाना’वर तिचे आलेख दिसतात. प्रोसेस सतत एक पूर्ण कोअर खात असेल, तर तिचं काम वाटण्यात अर्थ आहे. डिस्क मंद असेल किंवा डेटाबेसच धापा टाकत असेल, तर नवीन वर्कर त्याच डेटाबेसवर आणखी ओझं टाकतील. कधी कधी एक सेटिंग बंद करणंच जास्त उपयोगी ठरतं. ‘कोण ऑनलाइन आहे’ हे दाखवणारी ‘प्रेझेन्स’ सुविधा बंद केली की बराच भार हलका होतो, कारण एक माणूस ऑनलाइन आला की ती खबर त्याच्या सगळ्या ग्रुपमधल्या लोकांना द्यावी लागते.

व्हॉट्सॲप आणि डिस्कॉर्ड हे कसं करतात?

व्हॉट्सॲपने ‘अर्लांग’ ही भाषा निवडली. ती स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी १९८० च्या दशकात तयार झाली. तिच्यात लाखो हलक्या प्रोसेस एकाच वेळी चालतात आणि त्या सगळ्या कोअरवर आपोआप वाटल्या जातात. जानेवारी २०१२ मध्ये व्हॉट्सॲपने एका सर्व्हरवर २० लाखांहून जास्त कनेक्शन सांभाळल्याचं जाहीर केलं होतं.

डिस्कॉर्ड त्याच पायावर उभ्या असलेल्या ‘एलिक्सर’ भाषेत चालतं. तिथे प्रत्येक कम्युनिटीसाठी एक प्रोसेस असते. कम्युनिटीत लाखो लोक आले की तीच एक प्रोसेस अडते. डिस्कॉर्डने त्यासाठी मधे ‘रिले’ नावाच्या प्रोसेस घातल्या. क्रम ठरवण्याचं काम एकीकडे ठेवलं आणि वाटपाचं काम रिलेंना दिलं.

भाषा वेगळी, कंपनी वेगळी, पण गाठ तीच: क्रम एका ठिकाणी ठरतो आणि वाटप अनेक ठिकाणांहून होतं.

वर्करने न सुटणारे प्रश्न कोणते?

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. कारण गर्दी नव्हती. कंपनीच्या नेटवर्कमध्ये देखभालीच्या कामात चूक झाली आणि त्यांचे सर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले. अशा वेळी हजार वर्कर असले तरी ते बंद दारामागे बसून राहतात.

सिनॅप्समध्येही वर्कर लावले म्हणून सेवा कधीच बंद पडणार नाही असं नाही. डेटाबेस एकच असतो. तो गेला की सगळं थांबतं. त्याची दुसरी प्रत तयार ठेवणं आणि बॅकअप घेणं ही वेगळी कामं आहेत.

कधी कधी वर्करपेक्षा सर्व्हरच वेगळे करणं सोयीचं असतं. फ्रान्सच्या ‘चाप’मध्ये मंत्रालयांचे सर्व्हर वेगवेगळे आहेत आणि ते फेडरेशनने जोडलेले आहेत. एका मंत्रालयाचा सर्व्हर अडला तरी बाकीची मंत्रालयं आपसांत बोलू शकतात.

छोट्या संस्थेने काय करावं?

कॉलेज, सहकारी संस्था किंवा शंभरेक जणांची कंपनी स्वतःचा चॅट सर्व्हर चालवत असेल, तर पहिल्याच दिवशी वर्कर लावायची गरज नाही. छोट्या सर्व्हरसाठी एकाच प्रोसेसची मूळ रचना वापरावी, अशीच सिनॅप्सची शिफारस आहे. पोस्टग्रेस मात्र सुरुवातीपासून घ्यावं, म्हणजे पुढे डेटाबेस बदलण्याची वेळ येत नाही.

गर्दी वाढली की आधी आलेख बघायचे, डेटाबेस कनेक्शनचा हिशेब करायचा आणि मग सिंकसाठी एक-दोन वर्कर वेगळे काढायचे. त्यानंतर मुख्य प्रोसेसवरचा भार खरंच उतरला का ते तपासायचं. उतरला नसेल तर पुढचा वर्कर लावण्याआधी प्रॉक्सीची सेटिंग पुन्हा वाचायची.